इसापूरचा जलाशय : पाणी ओसरते तिथे पाखरे उतरतात

यवतमाळ जिल्हा म्हटला की कापूस, कोरडवाहू शेती आणि कर्ज एवढेच बाहेरच्या माणसाला आठवते. पाण्यासाठी या जिल्ह्याचे नाव कोणी घेत नाही. पण पुसद तालुक्यात शेंबाळपिंपरीच्या बाजूला गेले की नजर पोहोचेल तिथवर पाणीच पाणी दिसते. हा इसापूरचा जलाशय. अजिंठ्याच्या डोंगररांगेतून निघालेली पैनगंगा यवतमाळ आणि हिंगोली जिल्ह्यांच्या सीमेवर चार किलोमीटरहून लांब मातीच्या धरणाने अडवली आहे. हे धरण बांधले गेले ते शेतीसाठी. त्यासाठी काठच्या लोकांची शेते, घरे आणि गावठाणे पाण्याखाली गेली, हे या पाण्याकडे पाहताना विसरता येत नाही.

पाखरांसाठी मात्र कोणी धरण बांधले नव्हते. ती आपणहून आली. इतकी आली की २०१४ मध्ये सरकारने इसापूरला पक्षी अभयारण्य जाहीर केले.

पाखरे इथे का येतात, हे पाहायचे तर दिवाळीनंतर जावे. पावसाळ्यात जलाशय तुडुंब असतो, तेव्हा पाखरे फारशी दिसत नाहीत. खोल पाण्यात बहुतेकांना खायला मिळत नाही. पुढे रब्बीसाठी कालव्यांना पाणी सुटते, उन्हाने पाणी आटते आणि काठ रोज थोडा थोडा मागे सरकतो. मागे उरतो तो ओला चिखल. आपल्याला तो नुसता चिखल वाटतो, पण त्यात गोगलगायी, शिंपले, किडे, अळ्या आणि कुजलेल्या गवताचे बी खच्चून भरलेले असते. पाखरांचे ताट तिथे वाढलेले असते.

या ताटावर ज्याची जशी चोच, तसा त्याचा घास. टिटवी आणि तुतवार ओल्या मातीवरून धावत किडे टिपतात. लांब लाल पायांचा शेकाट्या घोटाभर पाण्यात उतरतो. त्याच्या पुढे गुडघाभर पाण्यात करकोचे उभे असतात. त्यांतल्या उघड्या चोचीच्या करकोच्याच्या चोचीला मधोमध फट असते आणि तो गोगलगायी पकडून खातो. तलवार बदक डोके पाण्यात आणि शेपूट वर करून तळाचे खाणे शोधते. काळा, पांढऱ्या कपाळाचा चांदवा पाणवनस्पती खातो. अगदी खोल पाणी पाणकावळ्याचे. तो बुडी मारतो आणि मासा घेऊनच वर येतो.

हिवाळ्यात विदर्भातल्या मोठ्या जलाशयांवर पट्टकादंब हा पाहुणा उतरतो. राखाडी रंगाचा हा हंस, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. याची घरटी तिबेट आणि मंगोलियाच्या बाजूला असतात. हिमालय ओलांडताना तो सात हजार मीटरहून उंच उडाल्याची नोंद आहे. एवढा प्रवास करून येणाऱ्या जिवाला इथे हवे असते ते उथळ पाणी, कोवळे गवत आणि रात्रीचा निवांतपणा.

जगातला सर्वांत मोठा उष्ण प्रदेशातला पाणथळ भाग दक्षिण अमेरिकेत आहे. त्याचे नाव पांतानाल. ब्राझील, बोलिव्हिया आणि पॅराग्वे या तीन देशांत पसरलेला हा मुलूख सुमारे दीड लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या यवतमाळसारखे अकरा जिल्हे मावतील एवढा. तिथे जग्वार, मगरी आणि उंच करकोचे आहेत. पण त्याची रीत इसापूरसारखीच. पावसात पाणी पसरते, कोरड्या हंगामात ओसरते, उरलेल्या डबक्यांत मासे अडकतात आणि पाखरे तुटून पडतात. २०२० मध्ये तिथे पाऊस कमी झाला, पाणी नीट पसरलेच नाही आणि चौथ्या हिश्श्याहून जास्त मुलूख आगीत होरपळला. पाण्याची ये-जा बिघडली की एवढा मोठा प्रदेशही टिकत नाही.

इसापूरच्या काठावर माणसाचे पोटही याच ये-जेवर चालते. पाणी ओसरले की मोकळ्या झालेल्या जमिनीत गाळपेर करतात, त्यात हरभरा, टरबूज, चारा निघतो. पाण्यात भोई बांधवांची जाळी पडतात. पाखरांची विष्ठा पाण्यात पडते, तिच्यावर शेवाळ आणि बारीक जीव वाढतात आणि ते खाऊन मासा पोसतो. म्हणून पाखरू हे मासेमाराचे वैरी आहे असे समजू नये.

खरा वैरी विष आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. ज्या विषाने धडधाकट माणूस मरतो, ते पावसाबरोबर नाल्यात आणि नाल्यातून धरणात गेले तर पाण्यातल्या किड्याचे, झिंग्याचे आणि माशाच्या पिलाचे काय होणार? किडा मेला की मासा उपाशी, मासा मेला की पाखरू आणि भोई दोघेही उपाशी. म्हणून फवारणीचा पंप नाल्यात किंवा जलाशयात धुऊ नये. औषधाचे रिकामे डबे काठावर टाकू नयेत. फाटके नायलॉनचे जाळे पाण्यात सोडू नये, त्यात पाखरे गुंतून मरतात. आणि पाखरू मारणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, हे घरातल्या मुलांनाही सांगावे.

नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर हेही माणसाने गोदावरीवर बंधारा घालून तयार केलेले पाणी. २०२० मध्ये ते रामसर यादीत गेले आणि महाराष्ट्रातली पहिली जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा ठरले. म्हणजे बांधलेले पाणीही जपले तर जगाच्या नजरेत भरते.

इसापूरला जाणे सर्वांनाच जमेल असे नाही. पण पाझर तलाव किंवा गावतळे बहुतेक गावांजवळ असते. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन ऐन पाखरांच्या हंगामात येतो. त्या दिवशी सकाळी लवकर मुलांना घेऊन आपल्या तळ्यावर जा. गोंगाट न करता बसा आणि किती जातीची पाखरे दिसतात ते वहीत लिहायला सांगा. पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. आकडा कमी झाला, तर पाण्याचे काहीतरी बिघडले आहे असे समजा आणि ग्रामसभेत विचारा. ते पाणी आपल्या गुराढोरांचे आणि आपलेही आहे.