रजा

बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरनं भाजीची पिशवी घेऊन मी हजारदा गेले असेन, पण त्या नावाचा विचार केला तो परवा, धाकटीनं नोकरी सोडली तेव्हा.

कंपनी मोठी. काचेची इमारत, दुपारचं जेवण फुकट, आणि पगार असा की जाऊबाईंना सांगताना माझाच आवाज चढायचा. आजी अत्यवस्थ असताना पोरीनं चार दिवसांची रजा मागितली, तर साहेब म्हणाले, "आजी जवळच्या नात्यात धरत नाहीत." ती पोचली, पण आजी गेल्यावर. "अगं, एवढ्यावरनं कुणी नोकरी सोडतं का?" असं मी तिला बोलले. बोलायला नको होतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनीही सोडलीच होती की! मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. हक्काची बढती दुसऱ्याला दिली, म्हणून राजीनामा देऊन बेळगावात भावाबरोबर सायकलींच्या धंद्यात उतरले. इथंच कडबा कापायचं यंत्र झालं, लोखंडी नांगर झाला. लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून शेतकरी नांगराला हात लावेनात, तरी हे हटले नाहीत. पुढं नगरपालिकेनं जागा सोडायला लावली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळ दिला. साल १९१०. निवडुंग आणि साप, दुसरं काय? पण बेळगावचे कामगार बायकापोरांसह त्यांच्यामागनं त्या माळावर गेले. मला तर हेच सगळ्यात मोठं वाटतं. नुसत्या पगारासाठी कोण जाईल तिथं? शिक्षा भोगून आलेल्यांना लक्ष्मणरावांनी चक्क रखवालदार नेमलं. आणि आमच्या आईच्या ट्रंकेत जपून ठेवलेलं 'स्त्री' मासिक १९३० साली निघालं, तेही या नांगरवाल्यांच्याच घरातनं.

हे सगळं मी लेकीला मोठ्या तोंडानं सांगत होते, तेवढ्यात आमची भांडीवाली दारात. "वैनी, दोन दिवस येत नाही. सासूला दवाखान्यात न्यायचंय."

दशलक्षण पर्व तोंडावर, घरात पाहुणे यायचे. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "आत्ताच गं?"

लेक माझ्याकडं बघतच राहिली.

मी मुकाट्यानं आत गेले, डब्यातले पैसे काढून तिच्या हातावर ठेवले. दोन दिवस आम्ही मायलेकींनी भांडी घासली. पोरीला कढई घासता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.