आमची आळी नकाशात नाही

‘इन्फेक्शन फ्री झोन’ या झोंबीखेळाबद्दल खेळाडू काय बोलतात, हे मी बरेच दिवस कान देऊन ऐकतो आहे. माझा विषय खेळ नव्हे, नकाशे. मी भूमाहितीशास्त्र शिकवतो, ओपनस्ट्रीटमॅपवर नोंदी करतो आणि इतरांनी केलेल्या नोंदी तपासतो. तरीही या खेळावरची मते मला सोडवत नाहीत. त्यातली बरीचशी मते खेळाबद्दल नसतातच, ती नकाशाबद्दल असतात आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

हा खेळ पोलंडच्या ‘जुत्सू गेम्स’ या छोट्या स्टुडिओचा. ११ एप्रिल २०२४ रोजी तो ‘अर्ली अॅक्सेस’ म्हणून, म्हणजे काम पुरे व्हायच्या आधीच, विक्रीला आला. याच मंडळींनी २०१७ मध्ये ‘९११ ऑपरेटर’ काढला होता. त्यात जगातले कुठलेही शहर निवडून तिथल्या आणीबाणीच्या फोनवर मदतीची माणसे धाडायची होती. नव्या खेळात महामारीने जग कोसळले आहे आणि मूठभर माणसे उरली आहेत. आपण गाव निवडायचे, एखादी भक्कम इमारत तळ म्हणून ताब्यात घ्यायची, माणसांच्या तुकड्या करून अन्न, औषधे आणि हत्यारे शोधायला पाठवायच्या. दिवसा बाधित लोक इमारतींच्या अंधारात दडून असतात आणि रात्री बाहेर पडतात. तुकडी अंधार पडायच्या आत परतली पाहिजे. पुढे भिंती, बुरूज, शेती, संशोधन आणि गाड्या.

झोंबींचे खेळ पुष्कळ आहेत. या खेळाचे वेगळेपण एवढेच की त्यातले गाव कुणा चित्रकाराने रचलेले नाही. ते ओपनस्ट्रीटमॅपमधून येते. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलेला हा नकाशा जगभरचे स्वयंसेवक हाताने काढतात. उपग्रहचित्रावर घराची कड गिरवायची, त्याला ‘इमारत’ असा टॅग लावायचा, ठाऊक असेल तर मजले आणि वापर नोंदवायचा. कुणीतरी केलेल्या या नोंदींवर खेळातल्या तुकडीचे जगणे अवलंबून असते. जिथे ‘मेडिकल’ची नोंद आहे तिथे औषध मिळण्याची आशा. इमारत मोठी असेल तर माणसे जास्त मावतात. आणि जिथे घराचा ठसाच नाही, तिथे मोकळी जमीन.

म्हणूनच सर्वांत उत्कट दाद मिळते ती आपल्या गावाला. ज्या शाळेत शिकलो ती तळ केली, ज्या चौकात रोज उभे राहायचो तिथे तुकडी अडकली, असे खेळाडू भरभरून सांगतात. मला हा आनंद फार मोलाचा वाटतो. कल्पित शहरात रस्ते पाठ करावे लागतात. इथे माणूस आयुष्यभराचे ज्ञान घेऊन खेळाला बसतो. कुठली गल्ली पुढे बंद आहे, कुठला पूल अरुंद आहे, हे त्याला आधीच ठाऊक असते, आणि डावपेच त्यातूनच सुचतात.

तक्रारींचा सूरही इथूनच निघतो. ‘माझ्या गावात काहीच सापडत नाही’, ‘सगळ्या इमारती सारख्याच’, ‘खेळ माझ्या शहरात फारच अवघड आहे’. वॉर्सा किंवा अॅमस्टरडॅमच्या खेळाडूकडून असे क्वचितच ऐकू येते. नेदरलँड्सने आपली सरकारी इमारत-नोंदणी खुली केली आणि तिथल्या स्वयंसेवकांनी ती अख्खीच्या अख्खी नकाशात आणली. पोलंडमध्येही सरकारी माहितीचा मोठा आधार मिळाला. आपल्याकडे सिटी सर्व्हेचे नकाशे असे उचलून वापरता येत नाहीत. जे आहे ते कुणीतरी रात्री जागून गिरवलेले.

माझा एक विद्यार्थी सातारा जिल्ह्यातल्या एका गावचा. गाव उघडून पाहिल्यावर तो म्हणाला, “सर, आमची आळीच नाही!” मंदिर होते, राज्य रस्ता होता, साखर कारखान्याचे आवार होते. त्याचे घर ज्या वस्तीत ती वस्ती म्हणजे नुसते रान. मोठ्या शहरातही चित्र फार वेगळे नसते. जुन्या पेठांमध्ये भिंतीला भिंत लागून असलेले वाडे पुष्कळदा एकाच ठोकळ्यात गिरवलेले असतात. दाट झोपडवस्तीला एकच ‘रहिवासी क्षेत्र’ अशी कड मारून काम संपवलेले असते. मॉलची नोंद असते, पण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची, पिठाच्या गिरणीची नसते. खरोखरच संकट आले तर गल्लीतले लोक आधी त्या किराणा दुकानाकडेच धावतील. नकाशावर मात्र ते दुकान नाही आणि म्हणून खेळात अन्न नाही. खेळाडू म्हणतो, खेळ असमतोल आहे. मी म्हणतो, नकाशा काढणाऱ्यांचे पाय जिथे पोचले नाहीत ती जागा त्याला दिसली आहे. नकाशातली इतकी ठळक उणीव माझ्या कुठल्याही अहवालाने कुणाला दाखवली नव्हती.

या असमाधानातून काही खेळाडू संपादनाकडे वळले आणि मला सर्वाधिक बोलायचे आहे ते त्याबद्दलच. काहींनी आपली खरी घरे, खरे दवाखाने नोंदवले. त्यांना माझा सलाम. पण काहींनी तळ बळकट व्हावा म्हणून नसलेली गोदामे आणि नसलेल्या लष्करी इमारती घातल्या. स्वयंसेवकांना त्या शोधून पुसत बसावे लागले. असे आधीही झाले होते. डिसेंबर २०१७ मध्ये ‘पोकेमॉन गो’ने हाच नकाशा वापरायला घेतला, तेव्हा चांगले प्राणी सापडावेत म्हणून लोकांनी खोटी उद्याने आणि तळी काढली होती.

हे थट्टेवारी नेण्याजोगे नाही. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्सचा वापरण्याजोगा नकाशा कुणाकडे नव्हता. जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून काही दिवसांत रस्ते, कोसळलेल्या इमारती आणि निर्वासितांच्या छावण्या नोंदवल्या आणि मदतपथके तो नकाशा घेऊन फिरली. २०१५ च्या नेपाळच्या भूकंपातही असेच काम झाले. खेळातला नकाशा आणि बचावपथकाच्या हातातला नकाशा यांचे मूळ एकच आहे. दोन्हीकडे एकच नोंद वाचली जाते. नसलेले रुग्णालय घालणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेलही, पण जखमी माणसाला घेऊन निघालेल्या चालकाला त्याचा उपयोग नाही.

अर्थात सगळा भार नकाशावर टाकणे अन्यायाचे होईल. भिंत उभी राहिली, बुरुजावर माणसे बसली की रात्रींची धास्ती ओसरते आणि मग तेच ते होते, ही तक्रार रास्त आहे. तुकड्या कधी भलत्याच वाटेने जातात, हीही. तपशिलात नकाशा कितीही संपन्न असो, सगळ्या घरांना आतून एकच रूप दिले तर पाचव्या रात्री खेळाडू कंटाळणारच. ते काम स्टुडिओचे आहे.

माझी मागणी वेगळी आहे. खेळाडू एखाद्या इमारतीवर बोट ठेवतो तेव्हा खेळाने त्याला सांगावे, हा वापर नकाशात नोंदलेला आहे की आम्ही अंदाजाने ठरवलेला. मजल्यांचा आकडा कुणी मोजला की आम्हीच धरून चाललो. एवढे कळले तरी तक्रार योग्य दारी जाईल. आणि ज्याला नकाशा दुरुस्त करायचा आहे त्याने आधी चालत जाऊन पाहावे. दुकानाची पाटी वाचावी, नाव मराठीत जसे आहे तसे लिहावे, मजले खाली उभे राहून मोजावेत. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून उतरवू नये, परवाना ते करू देत नाही. त्या साताऱ्याच्या विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुट्टीत आळीतली घरे नोंदवायला घेतली आहेत. पहिली नोंद गिरणीची आहे.