ओसरी

माझी अठ्ठावीस वर्षे यवतमाळास इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात गेली. नाइटिंगेल पक्ष्यावरील कवितांवर मी किती व्याख्याने झोडली असतील याची गणती नाही. तो पक्षी मी कधी पाहिलेला नाही. आणि खरे सांगावयाचे तर दारच्या बाभळीवरचा पक्षीही कधी नीट पाहिला नव्हता. काळ्या मातीत आणि कपाशीत वाढलेल्या माणसाला समुद्र भेटतो तो कवितेत, आणि समुद्रकाठचा चिखल तर कवितेतही भेटत नाही.

तो चिखल मला गेल्या उन्हाळी सुट्टीत पाहावयास मिळाला. माझ्या मुलाने नव्या मुंबईत अकराव्या मजल्यावर घर घेतले आहे. मी गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो सज्जातून हाक मारून म्हणाला, “बाबा, लवकर या. ओहोटी लागली आहे.” खाली ठाण्याच्या खाडीचा करडा गाळ दूरवर उघडा पडला होता आणि त्यावर गुलाल उधळावा तसे रोहित पक्षी पसरले होते.

एवढे पक्षी एका चिखलात, तेव्हा भांडाभांडी ठरलेलीच, असे मला वाटले. पण मुलाची दुर्बीण घेऊन चार दिवस बसलो आणि माझा भ्रम फिटला. त्या गाळात किडे, गोगलगायी, शेवाळ यांचे कोठार आहे आणि प्रत्येकाच्या चोचीची किल्ली निराळी. इवलासा तुतवार वरवरचे टिपतो. कोरलाची लांब वाकडी चोच खोल बिळातल्या किड्यापर्यंत पोहोचते. रोहिताची तऱ्हा तर सर्वांहून वेगळी. तो मान खाली घालून चोच उलटी धरतो, जिभेने पाणी आत-बाहेर करतो आणि चोचीच्या कडांतील बारीक जाळीने आपले अन्न गाळून घेतो. त्याचा गुलाबी रंगही त्या अन्नातूनच येतो. अशा रीतीने दोनशेहून अधिक जातींचे पक्षी या खाडीवर निर्वाह करतात. सरकारने 2015 साली येथे रोहितांसाठी अभयारण्य केले, आणि 2022 साली रामसर करारान्वये जागतिक महत्त्वाच्या पाणथळींत खाडीची गणना झाली.

मग चिंता कसली? चिंता भरतीची. दिवसातून दोनदा हे ताट पाण्याखाली जाते. तेवढा वेळ पक्ष्यांना बसावयास काठावरची उथळ तळी, मिठागरे, बांध लागतात. अशा जागांपैकी काही अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. आणि भराव पडतो तो पहिल्याने अशाच ठिकाणी. जेवणघर राखले, पण ओसरी गेली, असा हा प्रकार आहे.

निघण्याच्या आदल्या रात्री मी मुलाला सहज विचारले, “या इमारतीच्या जागी पूर्वी काय होते रे?” तो जरा थांबला. “पाणथळ होती म्हणतात. भराव घातला.” मीही पुढे बोललो नाही. त्या घराच्या पहिल्या भरण्यात माझ्या प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे आहेत.

परतीच्या गाडीत मला आमचे गाव आठवू लागले. बाभूळगाव तालुक्यातले ते लहानसे गाव बेंबळा धरणात बुडाले. वडिलांना मोबदला मिळाला, पुनर्वसनात भूखंड मिळाला. पण त्या पाण्याकडे ते पुन्हा फिरकले नाहीत. आणि मीही गेलो नव्हतो.

संक्रांतीला मुलगा यवतमाळास आला तेव्हा तोच म्हणाला, “बाबा, बेंबळ्यावर जाऊ.” गेलो. काठाशी केशरी अंगाचे चक्रवाक चरत होते. संस्कृत कवींनी विरहाचे प्रतीक करून टाकलेला हा पक्षी मला पन्नाशीनंतर प्रथम दिसला. पलीकडे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले कादंब होते. ही मंडळी हिमालय ओलांडून येतात. मधोमध काळ्या अंगाचे, कपाळी पांढरा टिळा लावलेले वारकरी तरंगत होते.

एके ठिकाणी पाणथळ बुजली, दुसरीकडे झाली, म्हणजे हिशेब जुळला, असे कोणी म्हणेल. तो जुळत नाही. उजनी-जायकवाडीच्या जलाशयांवर काही रोहित उतरतात हे खरे. पण भरती-ओहोटीचा खारा गाळ कोणतेही धरण निर्माण करू शकत नाही. आणि बुडालेले गावही कोणी परत देत नाही.

“आपलं घर कुठं होतं?” मुलाने विचारले. मी वारकऱ्यांच्या थव्याकडे बोट दाखविले. तो बराच वेळ तिकडे पाहत राहिला.

परत येताना तो म्हणाला, “आमच्या कुंपणापलीकडे एक तळं अजून शिल्लक आहे. त्यावरही भराव पडणार अशी बोलवा आहे. सरकारकडे अर्ज करावा म्हणतो. मसुदा तुम्ही पाहाल?”

मसुदा आला आहे. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांचे निबंध एका वाचनात तपासले. हा तीनदा वाचला. भाषा चांगली आहे. पण आपली इमारतही अशाच तळ्यावर उभी आहे, हे वाक्य त्यात घालावे की नाही, हे आम्हा दोघांनाही अद्याप ठरविता आलेले नाही.