व्हॅनिलाचं लग्न

रियुनियन बेटाला आजवर इतकी नावं मिळाली आहेत, की जुन्या घरातल्या एखाद्या सुनेलाही हसू यावं. सतराव्या शतकात फ्रेंचांनी आपल्या राजघराण्यावरून त्याला बूर्बों म्हटलं. फ्रान्समध्ये क्रांती झाली, राजा गेला, तेव्हा १७९३ मध्ये ते रियुनियन झालं. १८०६ मध्ये नेपोलियनचं आडनाव लागलं, बोनापार्त. मग इंग्रजांनी बेट घेतलं नि पुन्हा बूर्बों. १८४८ पासून परत रियुनियन, ते आजतागायत. रियुनियन म्हणजे एकत्र येणं. बेटाला कुणी विचारलं नाही. आम्हा बायकांनाही लग्नात कुठं कुणी विचारत होतं? तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, की जुनं माहेरच्या ट्रंकेत राहायचं.

माझी लेक आणि जावई नोकरीनिमित्त मॉरिशसला असतात. तिथून विमानानं पाऊण तासावर हे बेट. गेल्या नोव्हेंबरात आम्ही चार दिवस जाऊन आलो. ह्यांना ज्वालामुखी बघायचा होता, मला माणसं.

बेट लहान आहे, अडीच हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या बेळगाव जिल्ह्याचा साधारण पाचवा हिस्सा. पण सगळं उभं. मधे पितों दे नेज हा ३,०७० मीटर उंचीचा थंड झालेला ज्वालामुखी, आपल्या कळसूबाईच्या दुपटीला थोडाच कमी. आग्नेयेला पितों द ला फुर्नेझ, हा मात्र चांगला जागा. त्याचा लाव्हा कधीकधी समुद्रापर्यंत येतो आणि किनाऱ्याचा रस्ता तोडतो. थंड झाला, की त्याच काळ्या दगडावरून नवा रस्ता बांधतात. वारा पूर्वेकडून येतो, त्यामुळे पूर्वेला पाऊस कोसळतो आणि पश्चिम कोरडी राहते. आंबोलीला धो धो आणि चिकोडी-अथणीला आभाळाकडे डोळे, हे आपल्याला काही नवं नाही.

डोंगराच्या पोटात माफात नावाचं खोरं आहे. तिथं आजही गाडीरस्ता जात नाही. सामान हेलिकॉप्टरनं उतरतं, माणसं पायी जातात. मळ्यांवरून पळालेले गुलाम या डोंगरांत लपून राहत. खोऱ्याला नावही अशाच एका पळालेल्या म्होरक्याचं आहे. अख्ख्या प्रवासात, ज्याचं त्याला मिळालेलं असं हे एकच नाव मला दिसलं.

कारण बेटावर मूळचं असं कुणीच नाही. फ्रेंच येईपर्यंत तिथं वस्तीच नव्हती. त्यांनी मादागास्करमधून आणि आफ्रिकेतून गुलाम आणले, आधी कॉफीसाठी, मग उसासाठी. १८४८ च्या २० डिसेंबरला गुलामगिरी संपली, सुमारे साठ हजार माणसं मोकळी झाली. त्या दिवसाची आजही तिथं सुट्टी असते, नाच-गाणी होतात. पण मळ्यांना हात हवेच होते. मग करारावर आपल्या देशातली माणसं नेली, बहुतेक तमिळ मुलखातली. ती आली पूर्व किनाऱ्यावरून, पण तिथं त्यांना नाव पडलं 'मालबार'. मागून सुरतेकडचे मुसलमान कापडव्यापारी आले, ते झाले 'झाराब', म्हणजे अरब! फ्रान्सहून येणाऱ्याला म्हणतात 'झोरेय', म्हणजे कान. आणि स्वयंपाकघरात गेलात तर हळदीला 'सफ्रां', म्हणजे केशर. शेवग्याच्या पाल्याला मात्र 'ब्रेद मुरुंग' म्हणतात. मुरुंग हे तमिळ नाव त्या पाल्याबरोबर बोटीतून गेलं आणि टिकलं. तो पाला, भात आणि सिलाओस गावची बारीक मसूर, यावर आमचे चार दिवस सुखानं गेले. सामोसे मात्र विचारूनच घ्यावे लागतात, आत मासा-मटण काहीही निघतं.

सां-आंद्रे गावात देवळाबाहेर एक बाई भेटल्या. कपाळाला कुंकू, केसांत फुलं. मी हात जोडले, त्यांनीही जोडले. पुढं बोलायचं तर लेकीला मधे घ्यावं लागलं, कारण त्यांना फ्रेंच आणि तिथली क्रिओल सोडून भाषा येत नव्हती. कागदावर त्यांचं नाव ख्रिस्ती, घरात आणि देवळात दुसरं, तमिळ. मॉरिशसमध्ये कोकणातून गेलेल्या मजुरांची पणतवंडं अजून मराठी आडनावं लावतात, गणेशचतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. पाऊण तासावरच्या या बेटावर फ्रेंच शाळा आणि फ्रेंच कागद यांत बोली विरघळली. उरलं ते देऊळ आणि मसाला.

१९४६ पासून रियुनियन हा फ्रान्सचाच एक जिल्हा आहे. रस्ते, दवाखाने, शाळा फ्रान्ससारख्या. खिशात युरो. २००२ च्या एक जानेवारीला युरोच्या नोटा चालू झाल्या, तेव्हा इथं पॅरिसच्या आधी मध्यरात्र झाली, आणि राजधानी सां-दनीच्या बाजारात किलोभर लिची घेऊन पहिला युरो खर्च झाला. ऐकायला गोड आहे. पण पॅरिस नऊ हजार किलोमीटरवर, आणि बहुतेक जिन्नस बोटीनं येतो. त्यावर समुद्राची जकात लागते, तिचं नावच 'ऑक्त्रुआ'. आपल्याकडचा नाक्यावरचा ऑक्ट्रॉय, तोच शब्द. त्यामुळे किराणा फ्रान्सपेक्षा महाग, आणि तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोक गरिबीच्या रेषेखाली. सरकारी नोकरी असली तर बरं, नाहीतर तरुण पोरं रिकामी.

शेतीत निम्म्याहून जास्त जमीन उसाखाली. एकेकाळी गावोगाव कारखाने होते, आता दोनच उरलेत. उसाचा फड दिसला तशी ह्यांनी गाडी थांबवली, उतरून पाचट हातात घेऊन बघितलं. "आपल्यासारखंच आहे की गं," म्हणाले. ऊस तोच. आणि पैसा मालकाच्या नावावर नि घाम दुसऱ्याचा, हेही तेच.

मला व्हॅनिला बघायची होती. आपल्याकडे आइस्क्रीममध्ये काहीच खास नको असलं, की आपण व्हॅनिला मागतो. केकमध्ये घालतो तो इसेन्स बहुतेक कारखान्यातलाच. खरी व्हॅनिला ही एका ऑर्किडच्या वेलीची शेंग, मूळची मेक्सिकोकडची. तिथं तिच्या फुलात शिरणाऱ्या माश्या असतात. वेल रियुनियनला आणली, पण त्या माश्या आल्या नाहीत. वेल फोफावायची, फुलायची, शेंग मात्र धरायची नाही. वीस-वीस वर्षं वांझ राहिलेल्या वेली होत्या.

१८४१ मध्ये सँत-स्युझान गावच्या एका मळ्यावर मालकाला वेलीवर शेंगा दिसल्या. त्या धरवल्या होत्या बारा वर्षांच्या एदमों नावाच्या गुलाम मुलानं. आई बाळंतपणातच गेलेली, आडनाव नाही. गुलामाला आडनाव नसायचंच. त्यानं बारीक काडीनं फुलातला नर आणि मादी यांच्यामधला पडदा उचलला आणि अंगठ्यानं पराग दाबून बसवला. एवढंच. पुढं त्याला मळ्यामळ्यांवर फिरवलं, त्यानं सगळ्यांना शिकवलं. १८९८ पर्यंत बेटावरून वर्षाला २०० टनांच्या घरात व्हॅनिला निघू लागली. आजही जगभर व्हॅनिलाची लागवड त्याच रीतीनं होते, फूल फूल हातानं.

सुटका झाली तेव्हा त्याला आडनाव मिळालं, आल्बियुस. पैसा नाही मिळाला. सां-दनीला कुणाच्या स्वयंपाकघरात राबला, चोरीच्या गुन्ह्यात सक्तमजुरी झाली. जुन्या मालकानं रदबदली केली म्हणून लवकर सुटला. एका नामवंत वनस्पतितज्ज्ञानं तर ही युक्ती आपणच शिकवली, असं सांगून पाहिलं. तिथंही जुना मालकच मुलाच्या बाजूनं उभा राहिला. १८८० मध्ये एदमों दारिद्र्यात गेला. मालाला नाव पडलं 'बूर्बों व्हॅनिला', राजाच्या घराण्याचं. शेजारच्या मादागास्करमध्ये चोरी होऊ नये म्हणून हिरव्या शेंगेवर टाचण्यांनी मालकाची खूण टोचतात. शेंगेलासुद्धा नाव असतं.

फुलं हातानं फळवणाऱ्या बायकांना तिथं 'मारियेझ' म्हणतात, लग्न लावणाऱ्या. माझ्याच वयाची एक बाई आम्हाला वेलीपाशी घेऊन गेली. फूल पहाटे उमलतं, दुपारपर्यंत मावळतं, तेवढ्यात जमलं तर जमलं. तिनं काडी उचलली, अंगठा दाबला, झालं. मला दिसलंसुद्धा नाही. एका सकाळी हजारभर फुलं करते म्हणाली. त्यानंतर शेंग पिकायला नऊ महिने. "बाळासारखंच," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. त्याला लेकीची गरज लागली नाही.

मला माझ्या सासूबाई आठवल्या. आमच्याकडे कंदमुळं चालत नाहीत, चातुर्मासात पालेभाज्याही बंद. मग घर चालायचं ते दोडका, पडवळ आणि भोपळ्यावर. सासूबाई उजाडायच्या आत परड्यात जायच्या. नराचं फूल खुडून, पाकळ्या मागं सारून, ते मादीच्या फुलात फिरवायच्या. पाठीमागं इवलासा भोपळा असतो ती मादी, हे मला त्यांनीच दाखवलं. एवढे भोपळे धरायचे, की अर्ध्या गल्लीत जायचे. एका वर्षी तालुक्याच्या मेळाव्यात सगळ्यांत मोठ्या भोपळ्याचं बक्षीस आमच्या घराला आलं. शाल मामंजींच्या खांद्यावर पडली, पेपरात फोटो आला, खाली त्यांचं नाव. सासूबाई त्या वेळी पाहुण्यांना वाढत होत्या. फोटोला काच त्यांनीच लावून घेतली. त्या कधी कुरकुरल्या नाहीत. एकदाच, भांडी पुसता पुसता मला म्हणाल्या, "भोपळा उचलताना ह्यांची कंबर मात्र धरली गं."

एदमोंचा आता सँत-स्युझानला पुतळा आहे. तो उभा राहायला शंभर वर्षं गेली. पुतळ्याचं असो, पण कुठलीही रीत पुढं देताना ती कुणाची, एवढं सांगायला काही पैसे पडत नाहीत. आपल्या घरातले मसाले, पापडाचं प्रमाण, मेतकुटाचं माप, हे सगळं कुणाच्या तरी हातचं आहे. त्या हाताचं नाव आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे?

सासूबाईंचं माहेरचं नाव जिनमती, सासरचं शांता. गावात दोन्ही नावांनी कुणी हाक मारली नाही, त्या सगळ्यांच्या काकी. लेकीच्या मॉरिशसच्या बाल्कनीत आता भोपळ्याचा वेल चढवलाय. निघण्याआधी नातीला नराचं फूल कसं धरायचं ते शिकवलं, आणि ही रीत जिनमतीची, हेही.