शेठ, किल्ली देण्याआधी

जयसिंगपूरच्या आमच्या ऑफिसात वर्षातून एकदाच तोंड दाखवणारी गिऱ्हाइकं जास्त. पॉलिसी संपत आली की फोन, चार पैसे कमी करा म्हणून घासाघीस, मग पुन्हा वर्षभर शांतता. शेठ त्यातले नाहीत. खतं-बियाण्यांचं दुकान, हातात बरा पैसा आणि गाड्यांचा नाद. ऊसबिलं निघाली, उधारी वसूल झाली की गाडी बदलते. नाही झाली तरी बदलते. स्विफ्ट गेली, क्रेटा आली, मध्येच हौसेखातर एक जुनी जिप्सी घेतली आणि पावसाळा सरायच्या आत विकलीसुद्धा. आमच्या ह्यांचे मित्र, म्हणून मला वहिनी म्हणतात. सकाळी सकाळी "वहिनी, एक काम निघालं" असा फोन आला की पुढचं न ऐकताच मी त्यांची फाईल काढायला सांगते.

असं गिऱ्हाईक म्हणजे एजंटाची चांदी, असं लोकांना वाटतं. नवी पॉलिसी निघते हे खरं, पण तिच्याआधी जुनीचं निस्तरावं लागतं आणि त्या उस्तवारीचं कमिशन कुणी देत नाही.

शेठचा पहिला प्रश्न ठरलेला. "माझी एनसीबी जात नाही ना?" एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस. क्लेम न घेता वर्ष काढलं की पुढच्या हप्त्यात 20 टक्के सूट मिळते. ती 25, 35, 45 अशी चढत पाच वर्षांनी 50 टक्क्यांवर थांबते. सूट फक्त ओडीवर, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी जो हप्ता भरतो त्यावर. थर्ड पार्टीच्या हप्त्यावर ही सूट नाही. ओडी 16,000 असेल तर पन्नास टक्केवाल्याचे 8,000 वाचतात, तेव्हा शेठ विचारतात ते वावगं नाही. ही सूट गाडीची नसून माणसाची असते, हे मात्र बऱ्याच जणांच्या गावी नसतं. नव्या गाडीच्या आनंदात शोरूममध्ये दाखवतील तिथे सही होते, विमा पुऱ्या दराने निघतो आणि पाच वर्षं जपलेली सूट विकलेल्या गाडीच्या फाईलमध्ये तशीच पडून राहते. शोरूमवाला स्वतःहून विचारेल याची खात्री नाही. त्याला त्या दिवशी डिलिव्हरी द्यायची असते, हार घालायचा असतो, फोटो काढायचा असतो.

ही सूट नव्या गाडीवर आणायची तर जुन्या विमा कंपनीकडून एक पत्र घ्यावं लागतं. गाडी विकल्याचा पुरावा दिला की कंपनी लिहून देते, यांची अमुक टक्के एनसीबी राखून ठेवली आहे. ते पत्र तीन वर्षं चालतं. शेठना तीन वर्षं लागत नाहीत, तीन आठवडे पुरतात. पण ज्यांनी गाडी विकून मुलाच्या शिक्षणाला पैसे लावले, अशांनाही मी ते काढून ठेवायला लावते. गाडी दारात उभी ठेवून नुसती पॉलिसी संपू दिली, तर मात्र नव्वद दिवसांनंतर सूट गेलीच.

खरी ओढाताण जुनी गाडी घेणाऱ्याशी होते. गाडी विकताना आपले लोक 'इन्शुरन्स चालू' असं छाती पुढे काढून सांगतात. घेणारा पॉलिसी आपल्या नावावर करायला येतो तेव्हा त्याला कळतं की एनसीबी विकणाऱ्यासोबत गेली आणि उरलेल्या महिन्यांपुरता तेवढा फरक आता आपल्याला भरायचा आहे. मग तो चिडतो. शेठच्या स्विफ्टचा घेणारा तर चिडायलाही आला नाही. तो आलाच नाही.

ती गाडी शेठनी एका दलालामार्फत दिली होती. तालुक्याच्या ठिकाणी रीतच अशी, की मालकी बदलाच्या फॉर्मांवर, म्हणजे 29 आणि 30 वर, मालकाची कोरी सही घ्यायची आणि पुढे गिऱ्हाईक मिळेल तसं नाव भरायचं. दलालाचे खर्च वाचतात, आरसीवर एक नाव कमी चढतं, गाडीला किंमत बरी येते. विकणाऱ्याला त्याच दिवशी पैसे मिळतात, म्हणून तोही बोलत नाही. मी तेव्हा कुरकुर केली होती. "वहिनी, माणूस ओळखीचा आहे," एवढ्यावर विषय संपला.

पुढे एका दुपारी शेठ स्वतः ऑफिसात आले. फोन नाही, काही नाही. शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला आणि पंख्याने उडू नये म्हणून त्यावर मोबाईल ठेवला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस होती. सोलापूरकडच्या रस्त्यावर स्विफ्टने एका मोटारसायकलवाल्याला उडवलं होतं, त्याचा पाय मोडला होता आणि जाबदार नंबर दोन म्हणून शेठचं नाव, बापाच्या नावासकट, छापलेलं. "मी तर सोलापूरला गेलोच नाही," हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.

मी आधी तारखा पाहिल्या. अपघाताच्या दिवशी पॉलिसी जिवंत होती. पुढच्याच महिन्यात ती संपली होती आणि घेणाऱ्याने नवी काढलेली नव्हती. मोटार वाहन कायद्याचं कलम 157 इथे उपयोगी पडतं. गाडी विकली की थर्ड पार्टीचं संरक्षण आपोआप नव्या मालकाकडे गेल्याचं धरतात. त्यामुळे जखमीची भरपाई कंपनीने द्यायची, हे ठरायला अडचण आली नाही. स्विफ्टचा स्वतःचा चेंदा झालेला बॉनेट मात्र घेणाऱ्याच्या गळ्यात पडला. ओडी आपोआप जात नाही. चौदा दिवसांत अर्ज देऊन पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने हा भेद 1995 मध्येच स्पष्ट केलेला आहे. तरी क्लेम नाकारला की लोक एजंटाच्या नावाने बोटं मोडतात.

अपघात महिन्याभराने झाला असता तर? हे मी शेठना त्या दिवशी नीट समजावून दिलं, थोडं जाणूनबुजून घाबरवलंही. पॉलिसी संपलेली, आरसीवर अजून त्यांचंच नाव. 2018 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की गाडी कितीही हातांतून फिरलेली असो, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे 8,000 च्या सुटीची रोज काळजी करणारा माणूस काही लाखांच्या दाव्याखाली उघडा उभा होता आणि त्याला पत्ताही नव्हता. गाड्या बदलणाऱ्यांच्या बाबतीत मला हेच दिसत आलंय. येणाऱ्या गाडीकडे सगळ्यांचं लक्ष असतं. घोळ होतो तो गेलेल्या गाडीत.

त्यानंतर शेठची प्रत्येक गाडी जाते ती माझ्यासमोर. दुकानाच्या मागच्या अंगणात बॉनेटवर कागद पसरायचे. फॉर्मांवर घेणाऱ्याचं नाव, पत्ता भरल्याशिवाय शेठची सही नाही. डिलिव्हरी नोटवर तारीखच नव्हे, वेळही घालायची, कारण संध्याकाळी सातला झालेला अपघात कुणाचा, हे पुढे त्या कागदावरून ठरू शकतं. मीटरचा फोटो. मग काचेवरचा फास्टॅग खरवडायचा आणि बँकेकडून बंद करून घ्यायचा, नाहीतर टोल त्यांच्या खात्यातून जात राहतो. शेठ नखाने खरवडतात, निम्मा निघतो, निम्मा काचेलाच राहतो. एखादा दलाल घड्याळाकडे बघत म्हणतो, "ताई, एवढं कुणी करत नाही." गाडी विकल्याचं आरटीओला चौदा दिवसांत कळवणं हे विकणाऱ्याचं काम आहे, घेणाऱ्याचं नव्हे, हेही मग त्याच्यादेखतच सांगते.

दलालांपुरती आता एक सोय झाली आहे. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओकडून अधिकारपत्र घेता येतं. अशा विक्रेत्याला गाडी दिली आणि तशी ऑनलाइन नोंद झाली की पुढे विकेपर्यंत मालक तोच धरला जातो. शेठना मी सांगून ठेवलंय, भाव दोन-पाच हजारांनी कमी आला तरी चालेल, पण अधिकारपत्रवाला बघा.

बाकी किरकोळ. चालू पॉलिसी उरलेल्या मुदतीसाठी दुसऱ्या गाडीवर चढवायची तरतूद जुन्या टॅरिफपासून आहे, पण त्यासाठी विकलेल्या गाडीचा विमा दुसरीकडे निघाल्याचा पुरावा लागतो आणि कंपन्या फार उत्साह दाखवत नाहीत. नवी पॉलिसी काढणं सुटसुटीत. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा मात्र माणसामागे एकच पुरतो. शेठ तो दोन गाड्या आणि स्कूटर असा तीनदा भरत होते, तो मी एकावर आणला. एका मालकाच्या अनेक गाड्यांची मिळून एक फ्लोटर पॉलिसी काढायला विमा नियामकाने 2022 मध्ये परवानगी दिली, हे वाचून शेठ पेपर घेऊन आले होते. ती दारात चार गाड्या उभ्या असणाऱ्याच्या कामाची. शेठच्या दारात गाडी उभी राहते कुठे?

गेल्या आठवड्यात पुन्हा फोन. या वेळी इलेक्ट्रिक. पेट्रोलच्या गाडीची एनसीबी बॅटरीच्या गाडीला चालते का, हा प्रश्न. म्हटलं, चालते, दोन्ही खासगी कारच. शिवाय थर्ड पार्टीचा हप्ता पेट्रोलपेक्षा कमी बसेल. ते खूश झाले. मग मी विचारलं, क्रेटा कुणाला देताय?

"आहे एक ओळखीचा."

"आधार कार्ड पाठवायला सांगा त्याला," म्हटलं, "आणि मी येईपर्यंत किल्ली देऊ नका."