खाडीपलीकडचं पनीर

सायन-पनवेल रस्त्यानं बेलापूरला निघालं की मानखुर्द संपता संपता खाडी लागते. 1973 साली इथे वाशीचा पूल झाला. त्याआधी पलीकडे होती आगरी-कोळ्यांची गावं, मिठागरं, खारजमिनीतला भात आणि ताटात जिताडा, नाहीतर सुकट. घरात दूध फाटलं तर ते नुकसान. मुद्दाम फाडायचं कोणाच्या मनात येणार?

आता त्याच गावठाणांच्या तोंडाशी संध्याकाळी शेगड्या पेटतात आणि सळ्यांवर पनीर चढतं. ते याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडून आलं, असा माझा कयास. फाळणीनंतर पंजाबी निर्वासित सायन-कोळीवाड्यात वसले, त्यांच्याबरोबर तंदूरची चव आली. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, नवं शहर उभं राहू लागलं आणि माणसांमागून त्यांचं खाणंही खाडी ओलांडून आलं.

बेलापूरचा किल्ला पाहायला फार वेळ लागत नाही. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि 1817 मध्ये इंग्रज, एवढ्यांच्या हातून गेलेल्या किल्ल्याचे आता अवशेषच उरलेत. चिमाजी अप्पांनी तो जिंकून अमृतेश्वराला बेलाची माळ वाहिली, अशी आख्यायिका आहे. उतरलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते.

शेगडीवाला गावठाणातलाच. टांगलेलं दही, भाजलेलं बेसन, मोहरीचं तेल, कसुरी मेथी. त्यात लडबडलेले जाड चौकोन. पंख्याची हवा लागली की निखारे फुलतात, कडा काळ्या पडतात, तेल निखाऱ्यावर टपकून धूर उठतो. पण चौकोन जागचा हलत नाही. तापलेल्या दुधात आंबट पडलं की प्रथिनांची घट्ट वीण बसते, म्हणून पनीर करपेल पण वितळणार नाही. सायप्रसचं हलूमीही असंच भाजतात. ते मात्र रेनेट नावाच्या विकरानं धरतं आणि त्याच्याच निवळीत उकळतं. त्याच्या नावाला 2021 मध्ये युरोपीय संघाचं संरक्षण मिळालं. आपल्याकडे पनीरमध्ये कोरड्या भागाच्या निम्मी तरी दुधाची स्निग्धता हवी, असा नियम आहे. तरी वनस्पती तेलाचं ‘अ‍ॅनालॉग’ त्याच नावानं खपवणारे भेटतात, तेव्हा विचारून घेतलेलं बरं.

“मासळी सोडून हे कसं काय?” मी विचारलं.

“मासळी हायेच की,” तो हसला. “पन सोमवार, गुरुवार नि सगला श्रावन, तवा काय इकायचा?”