पान, ओळ, शब्द

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची पहिली लेव्हल पार केल्यावर एक खोली यायची. तिच्यात बाटल्याच बाटल्या आणि प्रत्येकीवर एक इंग्रजी अक्षर. खाली सूचना : मॅन्युअलच्या अमुक पानावर, अमुक ओळीतला अमुक शब्द बघा, त्याच्या पहिल्या अक्षराची बाटली प्या. दोनदा चुकलं की प्रिन्स आडवा. जॉर्डन मेकनरच्या १९८९ सालच्या या गेमला ही राखण बसवलेली होती ती फुकट्यांसाठी. फ्लॉपीची नक्कल एका मिनिटात होते, पुस्तकाची करायला लोक कंटाळतात, असा कंपनीचा हिशेब असणार. त्यांना कोल्हापुरातले झेरॉक्सवाले माहीत नसावेत.

राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासात आम्ही वर्डस्टार शिकायला जायचो. निदान घरी तसं सांगितलेलं. सर चहाला खाली उतरले की वर्डस्टार बंद आणि प्रिन्स चालू. सगळ्यांची गाडी त्याच बाटल्यांपाशी अडायची. शेवटी एकाचा थोरला भाऊ इंजिनिअरिंगच्या होस्टेलवरून मॅन्युअलच्या झेरॉक्सची झेरॉक्स घेऊन आला. कागद निम्मा काळाकुट्ट. आम्ही वहीच्या मागच्या पानांवर रकाने आखले : पान, ओळ, शब्द, अक्षर. जे वाचता आलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. नेमका तो प्रश्न समोर आला की कुणीतरी अंदाजाने बाटली प्यायचा आणि बरोबर निघाली तर प्रश्नचिन्ह खोडून अक्षर लिहिलं जायचं. ती वही पुढे वर्षभर दुसऱ्या बॅचेसमध्ये फिरत होती.

त्या काळ्या कागदांनी आणखी एक उपकार केला. शिफ्ट दाबून चाललं तर प्रिन्स सावध पाऊल टाकतो, कड्यावरून पडत नाही, जमिनीतून वर येणाऱ्या सुळ्यांतूनही सुखरूप जातो, हे त्यात लिहिलेलं होतं. तोपर्यंत आम्ही सुळ्यांवरून उड्या मारून जीव देत होतो. छापलेल्या एका वाक्याने इतकी माणसं वाचल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची गत निराळी. निन्टेंडोचा फॅमिकॉम जपानात १९८३ साली आला. आमच्या गल्लीत पोचल्या त्या त्याच्या नकला, आणि त्याही दिवसाच्या भाड्याने. कॅसेटवर छापलेलं ‘९९९९ इन वन’. प्रत्यक्षात गेम मोजके, बाकीचे तेच गेम मधल्याच कुठल्या तरी स्टेजपासून सुरू होणारे. खोक्यात एक घडीचा कागद असे. वायर कुठे खोचायची, टीव्हीचं चॅनेल कसं लावायचं, अॅडॅप्टर किती व्होल्टचा, संपलं. हा मिशीवाला प्लंबर कोण, कुठे निघालाय, विटांना डोकं का आपटतोय, याबद्दल अवाक्षर नाही.

त्यामुळे आमचं मॅन्युअल तोंडी चालायचं. ‘कॉन्ट्रा’ या गेममध्ये तीस लाईफ मिळवायचे तर वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. कुणी सांगितलं, त्याला कुणी सांगितलं, पत्ता नाही. सोबत थापाही यायच्या. बदकं मारायच्या गेममध्ये हसणाऱ्या कुत्र्याला गोळी घालता येते, अशी शपथ घेऊन सांगणारे वीर शिवाजी पेठेत होते. छापील काही समोर असतं तर हे वीर तिथल्या तिथे उघडे पडले असते. मजाही तेवढी कमी झाली असती, हे कबूल.

पुढे बऱ्याच वर्षांनी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चं मूळ इंग्रजी मॅन्युअल वाचलं आणि सर्दच झालो. दुष्ट बाऊझरने जादू करून गेममधल्या राज्यातल्या शांतताप्रिय प्रजेचे दगड-विटा करून टाकलेत, असं त्यात सरळ लिहिलंय. म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीभर आम्ही जी फोडली ती प्रजाच! गेममध्ये हे सांगायला जागाच नव्हती. अख्खा मारिओ सुमारे ४० केबीत बसवलेला. सकाळी मोबाईलवर येणारं गुलाबाच्या फुलाचं ‘शुभ सकाळ’ त्याहून जड असतं. म्हणून गोष्ट पुस्तकात आणि धावपळ पडद्यावर, अशी वाटणी झाली होती.

ही वाटणी माझ्या आजीला मात्र लगेच कळली. १९९९ साली ‘एज ऑफ एम्पायर्स २’ आला. आमच्या मामांनी पुण्याहून त्याचं अस्सल खोकं आणलं. आत जाडजूड पुस्तक आणि उलगडत जाणारा एक लांबलचक तक्ता : कुठल्या इमारतीतून कुठला सैनिक निघतो, त्याच्या पुढचा कुठला. तक्ता मी कालनिर्णयच्या शेजारी टाचणीने लावला. लाईट जाण्याचे ते दिवस. कॉम्प्युटर बंद पडला की मी पुस्तक घेऊन खिडकीत बसायचो. गेमचा तेवढाच भाग विजेविना चालायचा. आजीने एकदा ते हातात घेतलं, पानं उलटली आणि म्हणाली, “हे आमच्या सिनेमाच्या पुस्तकागत हाय की रं!”

तिच्या ट्रंकेत ती पुस्तकं होती. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली आमच्याच गावात सुरू झाली आणि १९३३ला पुण्याला गेली, याचा राग तिला ती बिऱ्हाड सोडून गेलेली शेजारीण असल्यासारखा होता. पण प्रभातचा ‘शेजारी’ आला तेव्हा ती बघायला गेलीच, आणि त्याची गाण्यांची पुस्तिकाही जपून ठेवली. अशा पुस्तिकेत नटनटींची नावं, सगळी गाणी आणि अर्धीच गोष्ट असते. ऐन रंगात आलं की वाचणाऱ्याला पडद्याकडे धाडून मोकळे. गेमची मॅन्युअलं हेच करायची. राज्य असं बुडालंय, शत्रू असा आहे, हत्यारं ही अशी, आता पुढचं तू बघ. आजीच्या त्या एका वाक्याइतकं नेमकं परीक्षण मी नंतर कुठल्या मासिकात वाचलेलं नाही.

२०१० साली युबीसॉफ्टने कागद वाचवायचं कारण देत छापील मॅन्युअल बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि हळूहळू बाकीच्यांनीही तेच केलं. आता गेम स्वतःच शिकवतो : हे बटण दाब, शाबास, आता ते दाब. सोय आहे, नाही म्हणत नाही. माझा मुलगा असाच शिकतो आणि माझ्यापेक्षा फार चांगला खेळतो. पण गेम बंद असताना त्याच्याजवळ त्यातलं काहीच उरत नाही, आणि मला हा तोटाच वाटतो.

परदेशी मॅन्युअलं हौशी लोकांनी स्कॅन करून इंटरनेट आर्काइव्हवर ठेवली आहेत, कुणालाही वाचता येतात. आपल्या दुकानांतून विकल्या गेलेल्या सेटबरोबरचा तो घडीचा कागद मात्र आपण जपला तरच राहील. माळ्यावर जुन्या व्हिडिओ गेमचं खोकं असेल तर रद्दीवाल्याला देण्याआधी उघडून बघा. मोबाईलचा कॅमेरा पुरतो. कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि घडीवरची अक्षरं पुसट आली तर उन्हात नेऊन पुन्हा घ्या.